ठमाबाईचं रीडिंग

पाण्याच्या वाटीवर पेनानं एक रेघ मारायची, एवढंच तपासनिसांनी त्या रविवारी ठरवलं होतं. पुढे जे रामायण झालं त्याला ते अजूनही 'ओघानं झालं' असं म्हणतात. बायको त्याला दुसरं काहीतरी म्हणते.

तपासनीस वीज कंपनीच्या मीटर तपासणी विभागात होते. एक नाही, दोन नाही, बावीस वर्षं. लोक तक्रार घेऊन यायचे की आमचं मीटर पळतंय. हे ते मीटर काढून आणायचे, आपल्या खात्रीच्या मीटरशेजारी टेबलावर मांडायचे, दोघांना दोन तास सारखाच लोड द्यायचे आणि निकाल सांगायचे, "मीटर बरोबर आहे. वापर तुमचाच जास्त आहे." या एका वाक्यानं किती लोक दुखावले त्याची गणती नाही. (एक गृहस्थ तर रडले होते. त्याचं तपासनिसांना अजून वाईट वाटतं. मीटर बरोबरच होतं म्हणा.)

आता अशा माणसाच्या घरात मांजर असावी हा निव्वळ योगायोग. मांजर बायकोची. राखाडी रंगाची, नऊ वर्षांची, बसली की उशीएवढी जागा अडवणारी. लहानपणापासून ठुमकत चालायची म्हणून नाव पडलं ठमाबाई. तपासनीस आणि ठमाबाई यांचे संबंध एकाच इमारतीतल्या दोन भाडेकरूंसारखे होते. समोरासमोर आले तर ओळख दाखवायची, नाहीतर ज्यानं त्यानं आपापल्या वाटेनं जायचं. घरकामातलं एकच काम तपासनिसांकडे होतं, ते म्हणजे रोज सकाळी ठमाबाईची पाण्याची वाटी भरणं.

तर ती वाटी संध्याकाळी कोरडी दिसायला लागली. पूर्वी दोन-दोन दिवस पुरणारं पाणी संध्याकाळी संपतं म्हणजे काय? दुसऱ्या कुणी पुन्हा वाटी भरली असती आणि विसरला असता. पण बावीस वर्षं माणसं ज्याला 'काहीतरी गडबड आहे' म्हणत आली, तो गडबड बघितल्यावर गप्प कसा बसेल? तपासनिसांनी रेघ मारली. मग वाटी गळते का बघायला खाली वर्तमानपत्र घातलं. वर्तमानपत्र कोरडं राहिलं. मग पाण्याची वाफ होते का बघायला तशीच दुसरी वाटी भरून कपाटावर, मांजर पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवली.

"अहो, उन्हाळा आहे. पिते ती जास्त," बायको म्हणाली.

"उन्हाळा कपाटावरच्या वाटीलाही आहे. ती नखभरच उतरली."

"ती वाटी आहे. तिला तहान लागत नाही."

"तेच म्हणतोय मी. हिला का लागते?"

बायकोनं भाजीचा चाकू खाली ठेवला. या प्रश्नात काहीतरी होतं, हे तिला कळलं. मग तपासनिसांनी ठमाबाईला स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसवायचा प्रयत्न केला, ती बसेना, म्हणून आधी तिला घेऊन स्वतः वजनकाट्यावर उभे राहिले आणि मग एकटे उभे राहिले. (स्वतःचं वजनही या निमित्तानं कळलं. त्याची नोंद त्यांनी केली नाही.) आठवडाभरात हिशेब लागला. खाणं वाढलेलं, पाणी वाढलेलं, तिच्या शू-शीच्या मातीच्या ट्रेमधले ओले गोळे दुप्पट, आणि ठमाबाई मात्र पाऊण किलोनं कमी.

"येतंय जास्त, जातंय जास्त आणि मधल्यामधे गिऱ्हाईक वाळतंय," तपासनीस म्हणाले. "गळती आत आहे."

बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याच संध्याकाळी ठमाबाई टोपलीत बसून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली, आणि निदान झालं. मधुमेह.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या आणि बोलायला गोड होत्या. त्यांनी सगळं नीट समजावलं. दिवसातून दोनदा, सकाळी सात आणि संध्याकाळी सात, आधी खाणं आणि मग इन्सुलिनचा एक युनिट. कानाच्या कडेला बारीक टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घ्यायचं आणि ती पट्टी छोट्या मशीनला लावून साखर बघायची. "आणि घरात मध ठेवा. झोकांड्या खायला लागली, लुळी पडली, तर साखर फार खाली गेली समजायचं. आधी हिरड्यांना मध चोळायचा, मग मला फोन. हा क्रम विसरू नका." हे बायकोकडे बघून झालं. मग तपासनिसांकडे वळून त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही पाणी मोजलंत म्हणून लवकर कळलं. बहुतेक लोक फार उशिरा येतात."

ही शाबासकी त्यांनी द्यायला नको होती. मुळातच मर्कट, त्यातून मद्य प्यायलं, तशातली गत. बावीस वर्षांत तपासनिसांनी मोजलं म्हणून कुणी खूश झाल्याचं उदाहरण नव्हतं. घरी येताना रिक्षात ते छाती काढून बसले होते.

"कामाची वाटणी करू," ते म्हणाले. "सुई तू, आकडा मी."

बायकोला इंजेक्शन जमलं. पहिल्या दिवशी सुई नुसती केसांतच गेली, तिसऱ्या दिवशी ठमाबाई खाण्यात गुंग असतानाच मानेच्या सैल कातडीत सुई जाऊन बाहेरही यायची. आकड्याचं मात्र एक शास्त्र होतं. सात वाजायला दहा मिनिटं असताना तपासनीस आपली ऑफिसची पत्र्याची पेटी आणायचे आणि तिची कडी खट्कन उघडायचे. हातात रबरी मोजे. कपाळाला बांधायचा दिवा, कारण कानाची शीर उजेडाशिवाय दिसत नाही. नाकावर भिंगाचा चष्मा. मग घसा खाकरून "रीडिंग" असं म्हणायचे. (हे कुणाला उद्देशून ते विचारू नका. खात्यात तशी पद्धत आहे.) तोवर ठमाबाई पलंगाखाली गेलेली असायची. मग झाडूचा दांडा, मग पलंग सरकवणं, मग टॉवेलात गुंडाळणं. आणि एका आकड्यावर विश्वास ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून तीनदा टोचून सरासरी.

पहिल्या दिवशी सरासरी आली तीनशे चाळीस. आठव्या दिवशी तीनशे एकोणसाठ. औषध चालू, पथ्याचं खाणं चालू, आणि साखर जागची हलायला तयार नाही.

"एकदा मी घेऊन बघू का?" बायकोनं विचारलं.

"नको. दोन माणसांनी रीडिंग घेतलं की दोन आकडे येतात, आणि खरा कोणता यावर भांडणं होतात."

इथून तपासनिसांना झोप लागेना. काळजी होतीच, पण काळजीपेक्षा कुतूहल जास्त होतं. औषध आत जातंय, साखर खाली येत नाहीये, मग मधे काय होतंय? पहिला संशय मशीनवर. त्यांनी दुसरं मशीन आणून पहिल्याशेजारी ठेवलं आणि दोन्हींवर स्वतःचं बोट टोचून घेतलं. पहिल्यावर अठ्ठ्याण्णव, दुसऱ्यावर शंभर. बायकोचंही बोट टोचलं. तिथेही दोन्हींचं एकमत झालं.

"मीटर बरोबर आहे," तपासनीस जड मनानं म्हणाले.

दुसरा संशय औषधावर. इन्सुलिन फ्रिजच्या दारात होतं. फ्रिज नीट थंड होतो का बघायला त्यांनी आत थर्मामीटर ठेवला आणि दर अर्ध्या तासानं फ्रिज उघडून पाहू लागले. तापमान सारखं वाढताना दिसलं. दोन दिवसांनी बायकोनं तापमान वाढण्याचं कारण त्यांच्या लक्षात आणून दिलं. तो विषय तिथेच संपला.

राहता राहिली चोरी. ठमाबाई परस्पर कुठेतरी खात असणार. झालं, दुसऱ्या दिवशी फ्रिज, जाळीचं कपाट, बिस्किटांचा डबा, कचऱ्याची बादली, सगळ्यांवर कागदी पट्ट्या चिकटल्या. प्रत्येक पट्टीवर तारीख, वेळ आणि तपासनिसांची सही.

"फ्रिजचं सील तुटलंय," संध्याकाळी ते गंभीर आवाजात म्हणाले.

"मी तोडलं. चहाला दूध हवं होतं."

"नोंद कुठाय?"

"कपात आहे. प्या."

घरातून चोरी होत नाही म्हटल्यावर संशय गॅलरी ओलांडून गेला. समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई राहायच्या. ठमाबाई रोज दुपारी कठड्यावरून त्यांच्याकडे जाते, हे अख्ख्या मजल्याला माहीत होतं. तपासनिसांनी बेल वाजवली.

"बाई, एक चौकशी होती. ठमाबाईला तुमच्याकडून काही पुरवठा होतो का?"

"कसला पुरवठा?"

"खाण्याचा. दूध, बिस्किट वगैरे. आरोप नाही हां. आमच्या खात्यात कसं, लोक तारेवर आकडा टाकून परस्पर वीज घेतात..."

"मी तुमच्या मांजरीवर आकडा टाकते, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"छे, छे. मांजर तुमच्यावर टाकते, असं."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. तपासनीस आपोआप दोन्ही पाय जुळवून उभे राहिले. "हे बघा," बाई म्हणाल्या, "ती येते, माझ्या खुर्चीत झोपते आणि चार वाजता उठून जाते. पाण्याचा थेंब घेत नाही. माझ्या शाळेत एवढं शहाणं पोर एकही नव्हतं. कशाला येते ते मात्र मलाही कळलेलं नाही. तुमच्या घरी झोपायला जागा नाही का?"

बाईंनी असं लेखी द्यावं म्हणून तपासनिसांनी मजकूर लिहिलेला कागद पुढे केला. बाईंनी तो वाचला, लाल पेनानं त्यात पाच ठिकाणी दुरुस्त्या केल्या आणि नीट लिहून आणायला सांगून दार लावून घेतलं.

दोन आठवडे झाल्यावर ठमाबाई, टोपली आणि वही अशी तिघांची वरात डॉक्टरीणबाईंकडे गेली. वहीत बेचाळीस टोचण्यांच्या... नाही, चुकलं, चौऱ्याऐंशी टोचण्यांच्या नोंदी होत्या. एकही आकडा तीनशेच्या खाली नव्हता. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"पण डॉक्टर," बायको म्हणाली, "ती पाणी कमी प्यायला लागलीय. काल खिडकीवर उडी मारली. अंगही भरलंय थोडं."

"ते निरीक्षण झालं," तपासनीस म्हणाले. "हे रीडिंग आहे."

डॉक्टरीणबाईंनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा वहीकडे. वही जाडजूड होती, खाली रेघा मारलेली होती, सरासरीचा रकाना वेगळ्या शाईत होता. अशा वहीपुढे माणूस बिचकतोच. "आकडे एवढे चढे असतील तर दोन युनिट करून बघू," त्या म्हणाल्या. "पण मी एक रक्त बाहेर तपासायला पाठवते. त्यात गेल्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी कळते. रिपोर्टला चार दिवस लागतील. तोवर लक्ष ठेवा, आणि काही वेगळं वाटलं तर डोस द्यायच्या आधी मला विचारा."

नेमकं तिसऱ्याच दिवशी तपासनिसांना दुसऱ्या गावच्या ऑफिसात दोन दिवसांसाठी पाठवलं. तिथली मीटरं तपासायची बाकी होती. दोन पानांच्या सूचना बायकोच्या हाती देऊन आणि पेटी कशी उघडायची ते दोनदा दाखवून ते आदल्या संध्याकाळी निघाले. सकाळी सातला तिचा फोन आला.

"अहो, एकशे एकवीस आलं."

"चुकलंय. पुन्हा घे."

"पुन्हा घेतलं. एकशे अठरा. एवढी कमी साखर असताना दोन युनिट द्यायचे का? डॉक्टरांना विचारू?"

"अगं, दोन आठवडे मी मोजतोय. तीनशेच्या खाली एकदाही आलेली नाही. तुझं टोचणं चुकतंय. थेंब लहान पडला असेल. डॉक्टर कशाला, डोस दे."

तिनं दिला. हे वाक्य लिहिताना सुद्धा वाईट वाटतं, पण तिनं दिला, कारण ज्यानं वाटीवर रेघ मारून आजार शोधला होता तो सांगत होता.

साडेअकराला तपासनीस तिथल्या टेबलावर सहा मीटरं लावून बसले होते तेव्हा पुन्हा फोन वाजला. बायकोचा आवाज वेगळाच होता. "ठमी पडली. उभी राहते आणि पडते. शेहेचाळीस आलंय. मध चोळलाय मी."

"पट्टी कोणत्या डबीतली..." तपासनिसांनी सुरुवात केली.

फोन बंद झाला होता. त्यांनी पुन्हा लावला, तिनं घेतला नाही. हातात मांजर असल्यावर फोन कोण घेणार? सहा मीटरं टेबलावर फिरत होती आणि तपासनीस त्यांच्याकडे बघत उभे होते. पट्टीची डबी. मांजर मरायला टेकली आणि आपण विचारलं काय, तर पट्टीची डबी. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि भीती वाटत होती, ती वेगळीच. आतापर्यंत त्यांना वाटायचं की ते बायकोची मांजर सांभाळताहेत. त्या घडीला त्यांना स्वच्छ कळलं की ठमाबाई गेली तर वाटी कुणासाठी भरायची हे त्यांना माहीत नाही. त्यांनी लोड चालू असलेली मीटरं तशीच सोडली आणि बस पकडली. (बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्या ऑफिसात अजून त्याची चर्चा चालते.)

पाच वाजता ते घरी पोचले. बायको जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती आणि मांडीवर ठमाबाई होती. डोळे उघडे, मिशा मधानं चिकटलेल्या, पण मान ताठ. डॉक्टरीणबाई स्वतः येऊन गेल्या होत्या.

"मी घाबरले होते हो," बायको म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

तपासनीस बाजूला खाली बसले. "माझं चुकलं," ते म्हणाले. बायकोनं त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांची शुद्ध तपासावी लागेल. त्यांनी हात पुढे करून ठमाबाईला गोंजारायचा प्रयत्न केला. ठमाबाईनं कान मागे पाडले, मांडीवरून उठली आणि अजून जरा लटपटत्या पायांनीच कपाटाखाली गेली.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी टेबलावर एका बाजूला रिपोर्ट ठेवला, एका बाजूला वही.

"काका, मला काही कळेनासं झालंय. वही म्हणते साखर दोन आठवडे साडेतीनशेच्या आसपास होती. रक्त म्हणतं एका युनिटवर सगळं छान चाललं होतं. आणि काकू म्हणतात एकशे एकवीस. तुमची दोन्ही मशीनं मी इथल्या मशीनशी ताडून बघितली, तीही ठीक आहेत. मग?"

तपासनीस पुढे सरकले. असा प्रश्न समोर आला की त्यांचं दुःखसुद्धा बाजूला व्हायचं. "दोन मीटरं बरोबर आणि आकडे वेगळे. म्हणजे मोजायच्या वेळी काहीतरी वेगळं होतंय."

"काकू, तुम्ही कसं मोजता?"

"मी कुठे काय करते? मी पेपर वाचत बसते, ती येते मांडीवर. कान चोळते, टोचते, झालं. तिला कळतही नाही."

"आणि काका तुम्ही?"

तपासनिसांनी सगळं साहित्य बरोबर आणलं होतं. त्यांनी मोजे चढवले. कपाळाला दिवा बांधला. भिंगाचा चष्मा लावला. डॉक्टरीणबाईंनी टोपलीत हात घालून ठमाबाईच्या छातीवर बोटं ठेवली होती. तपासनिसांनी पेटीची कडी उघडली. खट्.

"एक मिनिट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बंद करून पुन्हा उघडा बरं."

खट्.

"आता ते खाकरून काय म्हणता ते म्हणा."

"रीडिंग," तपासनीस म्हणाले, पण आवाज जरा पडला होता.

ठमाबाई टोपलीच्या पार कोपऱ्यात गेली होती. डॉक्टरीणबाईंनी हात बाहेर काढला आणि त्यांना हसू आवरताना किती कष्ट पडले ते त्यांच्या ओठांवर दिसलं. "काका, मांजर घाबरली की तिची साखर चढते. दवाखान्यात आणलं तरी चढते, म्हणून तर आम्ही घरी मोजायला सांगतो. हिचं काळीज आत्ता माझ्या बोटाखाली असं धावायला लागलं, की मलाच धाप लागली. मीसुद्धा वहीवर विसंबून डोस वाढवला, तेवढी चूक माझी."

दोन आठवडे चोर शोधत घर सील करून बसलेला माणूस आता आरशासमोर उभा होता. बायकोला वाटलं, आता हे चिडतील नाहीतर रडतील. तपासनिसांनी कपाळावरचा दिवा विझवला.

"किती चढते?" त्यांनी विचारलं.

"शंभर, कधी दोनशेच्या वरसुद्धा."

"आणि किती मिनिटांत?"

"अहो," बायको म्हणाली.

"नाही, मी आपलं विचारतोय," तपासनीस म्हणाले. "म्हणजे पेटी उघडल्यापासून धरायचं की मी जिना चढल्यापासून?"

हा प्रश्न त्यांना चैन पडू देईना. डॉक्टरीणबाईंची परवानगी काढून पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःचीच तपासणी करवून घेतली. अट एकच, मोजायचं बायकोनं, पेपर वाचता वाचता, आणि दिवसाला एकदाच. तपासनीस ऑफिसात असताना साखर एकशे सव्वीस. बेडरूममध्ये दार लावून बसले असताना एकशे एकसष्ट. (शिंकले होते.) दारात नुसते उभे राहून प्रेमानं बघत असताना दोनशे तीस. त्यांच्या मते हा अन्याय होता, पण आकड्यापुढे बोलणार काय? मुख्याध्यापिकाबाईंनाही निकाल कळवण्यात आला. "तरीच माझ्याकडे झोपायला यायची," त्या म्हणाल्या. दिलेल्या त्रासाबद्दल तपासनिसांनी त्यांना माफीचं पत्र लिहून दिलं, त्यात दोनच चुका निघाल्या.

डोस पुन्हा एक युनिटवर आला. पेटी ऑफिसात गेली. सकाळी सात आणि संध्याकाळी सात तपासनीस गॅलरीत, दार बंद करून, पाठमोरे उभे राहायचे. ठमाबाई पुन्हा उशीएवढी जागा अडवू लागली. बायको खूश होती. तपासनीसही खूश होते असं ते सांगायचे, पण गॅलरीतून आत येताना त्यांचा चेहरा रांगेत नंबर न लागलेल्या माणसासारखा असायचा. ते वाटी भरायचे, लांब जाऊन उभे राहायचे, ठमाबाई त्यांच्याकडे बघत बघत प्यायची. एकदा तरी तिनं आपण होऊन जवळ यावं, एवढंच त्यांना वाटायचं, आणि ते त्यांनी बायकोला बोलूनही दाखवलं होतं. "येईल हो," ती म्हणाली होती. "मी सुद्धा वेळ घेतला होता."

मग एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर तपासनीस सोफ्यावर आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला. किती वेळ गेला कोण जाणे. जाग आली ती छातीवरच्या वजनानं. डोळे उघडायच्या आधीच नाकाला मिशा लागल्या आणि पोटावर गुरगुर जाणवली. ठमाबाई होती. साडेचार किलो, मनातल्या मनात त्यांनी अंदाज केला. पापणीही हलवायची त्यांची हिंमत होईना.

बायको पावलं न वाजवता आली. तिनं ठमाबाईचा कान चोळला, टोचलं, आणि मशीन बारीक वाजलं.

"एकशे चार," ती स्वतःशीच म्हणाली. महिनाभरातला सगळ्यात चांगला आकडा होता. मी जागा आहे, तपासनिसांना ओरडून सांगावंसं वाटत होतं. मी जागा आहे, छातीवर आहे, आणि एकशे चार आहे. ही नोंद वहीत व्हायलाच हवी होती.

बायकोनं तिथेच स्टुलावर बसून फोन लावला. "डॉक्टर, रविवारी त्रास देतेय. एकशे चार आलं. हो ना. ह्यांच्या अंगावरच बसलीय. नाही नाही, झोपलेत ते, गाढ." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बायको खुदकन हसली. "तुम्ही म्हणालात म्हणून मघाशी माझं बीपीही बघितलं. एकदम नॉर्मल. हो, ते झोपल्यावरच."

तपासनिसांना याचं सडेतोड उत्तर सुचलं होतं. पण छातीवर ठमाबाई होती, आणि एकशे चार होतं, आणि आता बीपीचाही प्रश्न होता. म्हणून त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि बेतानं, दोघींनाही ऐकू जाईल इतकंच, घोरून दाखवलं.